घरची विहीर, वावरातली विहीर अन् पिण्याचं पाणी : लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जलसुरक्षक म्हणून काम करतो. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं, पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायची ओटी टेस्ट घेणं, पाण्याचे नमुने लॅबला नेऊन देणं हे माझं काम. पण रस्त्यात लोक थांबवून विचारतात ते बहुतेक वेळा स्वतःच्या विहिरीबद्दल, घराच्या मागची असो नाहीतर वावरातली, अन् तेच तेच प्रश्न असतात म्हणून इथे एकदाचं सगळं लिहून ठेवतो. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूरकडच्या लोकांनी तरी पूर्ण वाचा, कारण आपल्याकडच्या पाण्याचे प्रश्न जिल्ह्याजिल्ह्याला वेगळे आहेत.

आमची विहीर खाजगी आहे, तिची तपासणी करायला सरकारी माणूस येते का?

नाही येत. हीच गोष्ट लोकांना माहीत नसते. पावसाळ्याच्या आधी अन् नंतर जे लाल कार्ड, पिवळं कार्ड, हिरवं कार्ड ग्रामपंचायतीला मिळते ते गावाच्या सार्वजनिक पाण्याच्या सोयीवर मिळते, म्हणजे सार्वजनिक विहीर, हापशी, नळयोजना, टाकी, गळक्या पाइपा, टीसीएलचा साठा हे पाहून. गावाला हिरवं कार्ड मिळालं म्हणजे तुमच्या आंगणातली विहीर चांगली आहे असं होत नाही, दोघींचा काही संबंध नाही. खाजगी विहिरीचं पाणी तपासणं, त्यात औषध टाकणं, कठडा बांधणं हे सगळं मालकाकडे. साथ आली की मात्र आरोग्य खात्याचे लोक खाजगी विहिरीचेही नमुने घेतात, पण तोवर घरात कोणी आजारी पडलेलं असते.

आमचा आजा याच विहिरीचं पाणी पिऊन नव्वद वर्षं जगला, मग आताच काऊन तपासायचं?

हा प्रश्न मला रोजच येते अन् मी कधी हसण्यावारी नेत नाही, कारण माझंही हेच म्हणणं होतं. पण दोन गोष्टी पाहा. आज्याच्या काळात विहिरीजवळ संडासाचा खड्डा नव्हता, लोक गावाबाहेर जायचे, अन् पऱ्हाटीला युरियाच्या गोण्याच्या गोण्या पडत नव्हत्या. विहीर तीच आहे पण तिच्या आजूबाजूची जमीन तीच राहिली नाही. दुसरं म्हणजे त्या काळात हगवणीनं लेकरं जायची, घराघरात एक-दोन तरी गेलेलीच, फक्त ते कोणी विहिरीच्या नावावर लिहिलं नाही. आजा जगला हे आपल्याला आठवते, त्याची जी भावंडं लहानपणीच गेली त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

आमच्या घरची विहीर चाळीस फूट, दगडी बांधकाम, पाणी गोड. माझी मोठी मुलगी सहावीत असताना तिला कावीळ झाली, दीड महिना शाळा बुडाली, आम्ही माळ घातली, झाडपाल्याचं औषध दिलं, सगळं केलं. पुढे महिन्याभरात धाकट्यालाही झाली तेव्हा आरोग्य सेवकानं विचारलं की पाणी कुठलं पिता. त्यानं विहिरीचं पाणी एका छोट्या बाटलीत भरून ठेवलं, त्या बाटलीत जंतू असले की पाणी काळं पडते, अन् दुसऱ्या दिवशी ते डांबरासारखं काळं झालं होतं. आमच्या विहिरीपासून ढोरांचा कोठा जेमतेम वीस फूट अन् शेजारच्यांच्या संडासाचा खड्डा तीसेक फुटावर. इतकी वर्षं आम्ही तेच पीत होतो.

पाणी आरशासारखं दिसते, वासही नाही, चवही गोड. तरी खराब असू शकते?

असू शकते. जंतू दिसत नाहीत, नायट्रेट दिसत नाही, फ्लोराइडला चव नाही. उलट गढूळ पाणी माणूस पितच नाही, गाळून-उकळून घेते, त्यामुळे धोका नितळ पाण्यातच जास्त, त्यावर कोणी शंका घेत नाही. दुकानात जे टीडीएसचं पेन मिळते ते पाहून लोक खूश होतात की आपलं पाणी ३०० आले, एक नंबर. ते पेन फक्त पाण्यात विरघळलेले क्षार एकूण किती ते सांगते, जंतूचं त्याला काहीच कळत नाही.

मग तपासायचं कुठे आणि नमुना कसा न्यायचा?

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची लॅब असते, तिथे सामान्य माणसालाही थोडी फी भरून पाणी तपासून मिळते, काही तालुक्यांतही अशा लॅब आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावागावात फिल्ड टेस्ट किट दिलेत अन् गावातल्या पाच बायांना ट्रेनिंग दिलेलं असते, तुमच्या गावात त्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत किंवा आशाताईला विचारा, किटवर अंदाज कळते. पक्का रिपोर्ट लॅबचाच.

नमुना नेताना लोक चुका करतात त्या सांगतो. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड या तपासणीला एक-दोन लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली चालते, पण कोल्ड्रिंकची बाटली नुसती खंगाळून नेऊ नका, त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुवा मग भरा. जंतूच्या तपासणीला मात्र घरची बाटली चालतच नाही, लॅबमधून निर्जंतुक बाटली आणायची, झाकणाच्या आतून बोट लागू द्यायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. अन् आदल्या रात्री विहिरीत टीसीएल टाकून दुसऱ्या दिवशी नमुना नेणारेही पाहिलेत, त्यानं रिपोर्ट चांगला येते पण कळत काहीच नाही. मोटर असेल तर पाच मिनिटं चालू द्या मग भरा.

वर्षातून एकदा क्षारांची तपासणी अन् दोनदा जंतूची, पावसाळ्याआधी एकदा अन् पावसाळ्यानंतर एकदा, एवढं पुरते.

रिपोर्ट आला, पण त्यातलं काही समजत नाही.

रिपोर्टमध्ये प्रत्येक घटकापुढे दोन आकडे असतात, एक म्हणजे इतकं असलं तर उत्तम, दुसरा म्हणजे दुसरं पाणीच नसेल तर इथपर्यंत चालवून घ्या. हे आकडे भारतीय मानक १०५०० मधले असतात, २०१२ चं. टीडीएस ५०० पर्यंत उत्तम, जास्तीत जास्त २०००. कठीणपणा, म्हणजे ज्यानं साबणाला फेस येत नाही अन् डाळ शिजत नाही, तो २०० पर्यंत चांगला, ६०० च्या वर नको. क्लोराइड, म्हणजे खारटपणा, २५० आणि १०००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेट ४५, अन् नायट्रेटला दुसरा आकडाच नाही, ४५ च्या वर गेलं की प्यायचं नाही, विषय संपला. पीएच साडेसहा ते साडेआठ. हे सगळे आकडे एका लिटरमागे मिलिग्रॅमचे, पीएच सोडून.

जंतूच्या रकान्यात कोलिफॉर्म किंवा ई. कोलाय लिहिलेलं असते. १०० मिलिलिटर पाण्यात ते शून्य पाहिजे. ई. कोलाय सापडला याचा सरळ अर्थ पाण्यात विष्ठा मिसळते आहे, माणसाची नाहीतर ढोराची. लोकांना हे ऐकून राग येते, आमच्या विहिरीत असं कसं म्हणतात, पण ते कोणी आणून टाकलेलं नसते, जमिनीतून झिरपलेलं असते.

आधी जंतू, नायट्रेट अन् फ्लोराइड हे तीन रकाने पाहा. बाकीचे नंतर.

नायट्रेट जास्त निघालं. पाणी उकळून प्यायलं तर चालते ना?

नाही, उलट वाढते. उकळल्यानं जंतू मरतात पण नायट्रेट पाण्यातच राहते अन् पाणी आटलं की तेवढ्याच पाण्यात ते जास्त होते. टीसीएलचाही उपयोग नाही. आपल्या भागात हा फार मोठा प्रश्न आहे, केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट सगळ्यात जास्त सापडलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती अन् यवतमाळ ही चार नावं आपली आहेत. युरिया, शेणखताचा उघडा उकिरडा, कोठ्यातलं मूत, संडासाचा खड्डा, सगळीकडून तेच येते.

धोका सगळ्यात जास्त सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला. त्याच्या रक्तातून ऑक्सिजन नीट वाहत नाही, ओठ-नखं निळी पडतात. ज्या घरात तान्ह्याला वरचं दूध देतात अन् त्यात विहिरीचं पाणी घालतात त्या घरानं तर रिपोर्ट येईपर्यंतही थांबू नका, त्या लेकरासाठी दुसरीकडचं तपासलेलं पाणी आणा. आईचं दूध असेल तर सहा महिने वरून पाण्याचा घोटही द्यायचा नाही हे आशाताई सांगते ते यासाठीही खरं आहे.

उपाय म्हणाल तर पिण्यापुरता आरओ, किंवा दुसरा स्रोत, अन् लांबचा उपाय म्हणजे उकिरडा विहिरीपासून हलवणं.

आमच्या पोराच्या दातावर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, ब्रशनं निघत नाहीत.

पांढरकवडा, वणी, वरोरा, भद्रावती, कोरपना या बाजूचे असाल तर आधी फ्लोराइड तपासा. दात बनायच्या वयात, साधारण आठ वर्षांपर्यंत, फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं की असे डाग येतात अन् ते कायमचे राहतात. डाग दिसण्यापुरतंच असतं तर ठीक होतं, पण तेच पाणी वर्षानुवर्षं पिल्यानं हाडं-सांधे आखडतात, कंबर वाकत नाही, अन् ते परत नीट होत नाही. फ्लोराइड दगडातून येते, त्यात कोणाची चूक नाही, आणि बहुतेक ठिकाणी उघड्या विहिरीपेक्षा खोल बोअरमध्ये ते जास्त निघते. म्हणून विहीर आटली की बोअर मारली अन् सगळे तेच प्यायला लागले असं जिथे झालं तिथे बोअरचं पाणी आधी तपासा. ज्या हापशीला लाल रंग मारलेला आहे तिचं पाणी पिऊ नका, कितीही गोड असो. फ्लोराइडसाठीही उकळणं कामाचं नाही. पावसाचं छपरावरचं पाणी टाकीत साठवून पिण्याला वापरलं तर त्यात फ्लोराइड नसते, दोन-चार घरं मिळून करण्यासारखं आहे.

आम्ही खारपाणपट्ट्यातले, आमच्या विहिरीत काय तपासायचं, तोंडालाच कळते.

खरं आहे, पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या गावांत विहिरीचं पाणी जीभ लावली तरी कळते. तिथल्या लोकांना मी काय शिकवणार, बाया डोक्यावर गोडं पाणी आणता आणता म्हाताऱ्या झाल्या. फक्त एक सांगतो, खारं पाणी म्हणून त्यात जंतू नसतात हा समज चुकीचा आहे, अन् वापरायच्या पाण्यानंच भांडी घासली, लेकरानं त्याच पाण्यानं चूळ भरली तर जंतू पोटात जातातच. अन् कॅनचं पाणी घेत असाल तर कॅन भरणाऱ्याकडे त्याच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट मागा, थंड आहे म्हणजे शुद्ध आहे असं नाही.

विहिरीत टीसीएल किती टाकायचं? अंदाजानं एक ओंजळ टाकतो आम्ही.

ओंजळीनं नका टाकू. आधी विहिरीत पाणी किती ते काढा, सोपं आहे. विहीर गोल असेल तर तिचा व्यास फुटात मोजा, दोराला दगड बांधून पाणी किती फूट ते मोजा, मग व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२ केलं की लिटर निघते. समजा विहीर १२ फुटाची अन् पाणी १५ फूट, तर १२ गुणिले १२ गुणिले १५ गुणिले २२ म्हणजे साधारण ४७,५०० लिटर. चांगल्या, ताज्या टीसीएलचं प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला १२० ग्रॅमच्या आसपास. वावरातली वीस फुटी विहीर असली अन् पाणी तेवढंच खोल असलं तर लागते ३३० ग्रॅम. किराणा दुकानाच्या तराजूवर एकदा मोजून एका डब्यावर खूण करून ठेवा, दरवेळी मोजायचं काम नाही.

टाकायची पद्धत जास्त महत्त्वाची आहे, पावडर सरळ वरून फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्या, एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको, थोडं पाणी घालून आधी कणकेसारखं कालवा, गाठी मोडा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा अन् दहा मिनिटं तसंच राहू द्या. चुना खाली बसते. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता, तेच विहिरीत जायचं, खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्यानं पाणी कठीण होते. ती दुसरी बादली दोरानं पाण्यात खाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा म्हणजे औषध सगळीकडे मिसळते. हे रात्री शेवटचं पाणी भरून झाल्यावर करा. औषधाला कमीत कमी एक तास तरी पाण्यात राहू द्यायचं असते.

नंतर ओटी टेस्ट. नळीत विहिरीचं पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. तासाभरानंतर विहिरीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक पाहिजे, अन् घरात पिताना निदान ०.२. रंगच आला नाही तर डोस कमी पडला किंवा पावडर मेलेली आहे. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन असते पण गोणी उघडी राहिली, ओल लागली, वर्षभर पडून राहिली की त्यात चुन्याशिवाय काही उरत नाही. नाकाला झोंबली नाही ती पावडर फेकून द्या. ठेवायची घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी, अन् हाताळताना तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला तोंड करू नका. फिनाइल, ॲसिड यात कधीच मिसळायचं नाही.

पावसाळ्यात प्यायच्या विहिरीत रोज टाकलं तर उत्तम, रोज होत नसेल तर मग प्यायचं पाणी घरात क्लोरीनच्या गोळीनं किंवा उकळून शुद्ध करा.

टीसीएलचा वास येते, म्हातारे पीत नाहीत.

पाणी भरून झाकण न लावता पातळ फडकं बांधून तासभर ठेवा, वास कमी होते. माठात ओतलं तर आणखी कमी. तरी फारच उग्र असेल तर डोस जास्त झाला, तो कमी करा, बंद करू नका.

लाल दवा (पोटॅशियम परमँगनेट), तुरटी, चुना यापैकी काही चालते का?

तुरटीनं गढूळपणा खाली बसते, पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर आधी तुरटी फिरवा, गाळा, मग क्लोरीनची गोळी, या क्रमानं चांगलं. नुसती तुरटी फिरवून जंतू मरत नाहीत. लाल दवा, जुने लोक अजूनही आणतात, पाणी गुलाबी दिसते म्हणून समाधान वाटते पण पिण्याच्या विहिरीसाठी त्याचा भरवसा धरू नका. नुसता चुना टाकून काही होत नाही.

विहिरीत गप्पी मासे सोडलेत, टीसीएलनं मरतात.

मरतात. म्हणून गप्पी सोडायचे ते वापरात नसलेल्या विहिरीत, जिथे डेंग्यू-मलेरियाचे डास होतात. प्यायच्या विहिरीत मासे नको, औषध पाहिजे.

शेजाऱ्यानं माझ्या विहिरीला लागून संडासाचा खड्डा खणला. किती अंतर पाहिजे?

५० फूट, म्हणजे १५ मीटर, हे लक्षात ठेवा. संडासाचा खड्डा, सेप्टिक टँक, शोषखड्डा, कोठा, उकिरडा, सांडपाण्याची नाली, सगळ्याला. अन् विहीर उंचावर, खड्डा उताराला. उलट असेल तर ५० फूटही कमी पडतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी पुस्तकात तितकी नसते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अन् पहिल्या पावसाचं पाणी जमिनीवरची सगळी घाण घेऊन त्या भेगांतून सरळ खाली मुरमात जाते, मातीत गाळून निघायला त्याला वेळच मिळत नाही. खाली काळा पाषाण, त्यालाही चिरा. म्हणून दरवर्षी मृगाच्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत गावात हगवण-उलट्या सुरू होतात. त्या पंधरा दिवसांत विहिरीचं पाणी औषधाशिवाय पिऊच नका, बाकी वर्षभर काय करायचं ते करा पण हे पंधरा दिवस सांभाळा.

आता शेजाऱ्याचं. आधी भांडू नका, कारण खूपदा त्याचा प्लॉटच तेवढा असते, अन् संडास बांधला हे त्यानं चांगलंच केलं. दोन खड्ड्यांचा संडास असेल, तळ पाण्याच्या पातळीच्या बराच वर असेल तर धोका कमी होते. सेप्टिक टँक असेल तर टाकी तळासकट पक्की आहे का अन् तिचं बाहेर पडणारं पाणी कुठे जाते ते दोघं मिळून पाहा. पाणी तपासून त्याला रिपोर्ट दाखवा, त्याच्या घरची लेकरंही बहुतेक त्याच विहिरीचं पितात. ऐकलंच नाही तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असते तिच्यापुढे विषय ठेवा, अन् एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला. सार्वजनिक विहीर किंवा झरा कोणी जाणूनबुजून नासवला तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २७९, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते सार्वजनिक पाण्याचं आहे, खाजगी विहिरीचा वाद घेऊन थेट पोलिसात पळू नका.

आम्ही काय केलं ते सांगतो. कोठा हलवला, त्याला दोन उन्हाळे लागले. शेजाऱ्यांचा खड्डा आहे तिथेच आहे, जागाच नाही. म्हणून त्या विहिरीचं पाणी आता कपडे धुण्याला, अन् प्यायला नळाचं. बाबांना हे फार लागलं होतं, त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर.

विहीर बांधताना काय काय करावं?

वरून वीसेक फूट तरी पक्कं बांधकाम पाहिजे, कारण घाण वरच्याच थरातून आत येते. कठडा जमिनीपासून निदान अडीच फूट. भोवती तीन-चार फुटाचा सिमेंटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार, अन् सांडलेलं पाणी दूर नेणारी नाली. वर जाळी किंवा झाकण. शक्य असेल तर मोटर किंवा हातपंप, कारण दहा घरचे दहा दोर-बादल्या जमिनीवर ठेवून पुन्हा विहिरीत जातात तीही घाणच. कठड्यावर बसून आंघोळ, कपडे धुणं, ढोरं धुणं नको.

पायऱ्यांची विहीर असेल अन् लोक उतरून पाणी भरत असतील तर ते बंद करा. नारू हा रोग त्यानंच पसरायचा, पायाच्या फोडातून किडा बाहेर यायचा अन् पाण्यात अळ्या सोडायचा. जुन्या लोकांना विचारा नारू काय असते ते, काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. पायऱ्या बुजवल्या, पाणी गाळून प्यायला शिकवलं, अन् २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या रोगावर ना लस होती ना औषध, फक्त विहिरी सुधारल्या अन् लोकांच्या सवयी बदलल्या.

वावरातल्या विहिरीवर फवारणीचं औषध कालवतो, पाणी तिथेच असते ना.

हे बंद करा, हात जोडून सांगतो. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवते. तेच औषध विहिरीच्या थाळ्यावर सांडते, पंप धुतलेलं पाणी परत आत झिरपते, अन् दुपारी त्याच विहिरीचं पाणी निंदणाऱ्या बाया पितात. पाणी ड्रममध्ये भरून दूर धुऱ्यावर न्या, तिथे कालवा. औषधाच्या रिकाम्या डब्यानं विहिरीतून पाणी काढणं तर कधीच नाही. अन् वावरात प्यायचं पाणी घरूनच न्या.

नाल्याचा पूर विहिरीत गेला / विहिरीत कुत्रं पडून मेलं. आता?

प्यायचं लगेच थांबवा. आधी जे पडलं ते काढा, मोटर लावून पूर्ण उपसा, गाळ काढा, आतल्या भिंती टीसीएलच्या पाण्यानं घासा, झरे भरून आले की नेहमीपेक्षा जास्त डोस टाकून रात्रभर ठेवा, तो डोस आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्या, मग पुन्हा उपसा. जंतूचा रिपोर्ट चांगला आल्याशिवाय प्यायला सुरुवात करू नका.

गाळ काढायला आम्हीच उतरतो, काही धोका?

आहे, अन् जीवावरचा आहे. बरेच दिवस बंद असलेल्या, झाकलेल्या विहिरीत खाली ऑक्सिजन नसते किंवा विषारी वायू साचलेला असते, उतरणारा दोन मिनिटांत कोसळते, त्याला काढायला दुसरा उतरते, मग तिसरा. एकाच घरचे दोन-तीन जण असेच जातात. कंदील सोडून पाहायची जुनी पद्धत आहे, कंदील विझला तर उतरायचंच नाही, पण विझला नाही म्हणजे धोका नाही असंही समजू नका, काही विषारी वायूत कंदील जळत राहते. विहीर दिवसभर उघडी ठेवा, आत पंख्यानं हवा मारा, उतरणाऱ्याच्या कमरेला अन् खांद्याला दोर बांधा अन् वर ओढायला तिघं-चौघं उभे ठेवा. डिझेल इंजिन विहिरीच्या आत उतरवून चालवायचं नाही, त्याचा धूरच मारते. कोणी आत पडलं तर मागे उडी घेऊ नका, दोरानं ओढा, १०८ ला फोन करा.

नवीन विहीर किंवा बोअर घ्यायची आहे, नियम काय?

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर नको, हा नियम १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. रोजगार हमीतून सिंचन विहीर घ्यायची असली तरी ५०० मीटरची अट आहेच. नंतर २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला, त्यात विहिरींची नोंदणी अन् अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपायला सरकारनं जाहीर केलेल्या भागात, ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटापेक्षा, खोल खणायला बंदी आहे. तुमचं गाव अधिसूचित क्षेत्रात येते का ते भूजल यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसात विचारा. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या.

बोअरबद्दल सुप्रीम कोर्टाचे २०१० चे आदेश आहेत, लेकरं बोअरमध्ये पडायची म्हणून. खणायच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचं, काम चालू असताना कुंपण अन् बोर्ड, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, अन् मोटर काढली की तोंडाला लोखंडी झाकण वेल्ड करायचं. बंद पडलेली बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायची. वर नुसतं पोतं कोंबून ठेवलेली बोअर जिथे दिसेल तिथे लगेच सरपंचाला सांगा.

उन्हाळ्यात सगळा मोहल्ला आमच्या विहिरीवर येते. काही झालं तर जबाबदार कोण?

पाणी देता हे मोठं काम आहे, त्यात मागे हटू नका. टंचाईत तहसीलदार विहीर अधिग्रहित करतात, तेव्हा मोबदलाही मिळते अन् पाणी तपासणं, टीसीएल टाकणं हे ग्रामपंचायत पाहते. अधिग्रहण झालेलं नसेल अन् वीस-पंचवीस घरं येत असतील तर ग्रामसेवकाला लेखी कळवा की एवढी घरं इथून पितात, तेव्हा या विहिरीचाही नमुना अन् औषध सुरू करा. पाणी तपासलेलं नसेल तर विहिरीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की उकळून प्या.

२०२२ च्या जुलैत मेळघाटात पाचडोंगरी अन् कोयलारीत लोकांना उघड्या विहिरीचं पाणी प्यावं लागलं, अतिसाराची साथ पसरली, माणसं गेली. नळ बंद पडला की लोक पहिल्यांदा जवळच्या विहिरीवरच जातात, ती कोणाची का असेना. म्हणून नळयोजना चालू असली तरी जुनी विहीर टाकून देऊ नका, नीट ठेवा.

घरात दोघा-तिघांना एकदम हगवण लागली, विहिरीचंच असेल का?

एकाच दिवशी दोघा-तिघांना झालं तर पाण्यावर पहिला संशय घ्या. ओआरएस सुरू करा, पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे. लेकराचं दूध बंद करू नका. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, लेकरू निपचित पडलं तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. अन् आशाताईला लगेच सांगा, लपवू नका, कारण त्याच विहिरीवरून आणखी कोण पिते ते तिला कळलं तर पुढची घरं वाचतात.

तुम्हीच आमच्या विहिरीतही टीसीएल टाकून देता का?

मला पावडर मिळते ती ग्रामपंचायतीच्या हिशेबाची, ती खाजगी विहिरीत टाकता येत नाही. पण पहिल्यांदा सोबत येऊन विहीर मोजून देतो, डोस काढून देतो, ओटी करून दाखवतो, तुमच्या गावचा जलसुरक्षकही देईल, विचारा त्याला. बहुतेक घरी मी गेलो की कर्ता माणूस उभा राहून पाहतो अन् कालवायचं काम बाईच करते, म्हणून आता मी बादली सरळ तिच्याच हातात देतो, पुढे रोज टाकणार तीच असते. संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो.